उक्तं विकू नका: इंग्लंडातली खाजगी जंगलं आणि धुऱ्यावरचा साग

इंग्लंडात जंगल दिसलं की पहिला प्रश्न असतो, हे कोणाचं? गडचिरोली-चंद्रपुरात असं कोणी विचारत नाही. जंगल फॉरेस्टचं, फार तर आता ग्रामसभेचं. इंग्लंडच्या जेमतेम १० टक्के जमिनीवर झाडी आहे आणि तिच्यातली बहुतेक खाजगी मालकीची. मालक कधी शेतकरी असतो, कधी आजोबांची इस्टेट वाट्याला आलेला आणि शहरात नोकरी करणारा नातू. त्याच्या वतीने झाडं मोजणारा, कोणती तोडायची ते ठरवणारा, परवाना काढणारा आणि लाकूड विकून देणारा माणूस म्हणजे फॉरेस्ट मॅनेजर. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून वनशास्त्र शिकून निघालेल्या मुलांना आरएफओच्या (वनक्षेत्रपालाच्या) परीक्षेपलीकडे ही वाट सहसा कोणी सांगत नाही.

काम सुरू होतं मोजणीपासून. जंगलातलं प्रत्येक झाड मोजायला महिना जाईल, म्हणून ऑस्ट्रियाच्या बिटरलिख नावाच्या वनाधिकाऱ्याने १९४०च्या दशकात काढलेली युक्ती सगळे वापरतात. २ सेंटिमीटर रुंदीची पट्टी घ्या, तिला ७०.७ सेंटिमीटर दोरी बांधा. दोरीचं टोक डोळ्याखाली गालाला टेकवा, दोरी ताणून पट्टी समोर धरा आणि जागेवरच पूर्ण गिरकी घ्या. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, ज्या झाडाचं खोड पट्टीपेक्षा रुंद दिसेल ते धरायचं, अरुंद दिसेल ते सोडायचं, अगदी बरोबरीचं अर्धं धरायचं. आलेल्या संख्येला २ ने गुणलं की हेक्टरमागे सगळ्या खोडांचं मिळून छेदक्षेत्र (खोडं छातीच्या उंचीवर आडवी कापली तर दिसतील त्या चकत्यांचं एकूण क्षेत्रफळ) चौरस मीटरमध्ये मिळतं. १६ झाडं आली तर ३२. सरासरी उंची १८ मीटर असेल तर ३२ × १८ × ०.४५, म्हणजे हेक्टरी अंदाजे २६० घनमीटर लाकूड. ०.४५ हा निमुळतेपणाचा ढोबळ आकडा आहे, जातीप्रमाणे बदलतो. जंगलभर विखुरलेल्या दहा-बारा ठिकाणी हेच करून सरासरी काढायची. नवखे हमखास चुकतात ते जागा निवडताना: चालायला सोपी, मोकळी जागा बघून उभे राहतात आणि आकडा कमी येतो. जागा आधी नकाशावर ठरवाव्यात आणि काट्यात आली तर काट्यात जावं.

खरी कसोटी विरळणीत, म्हणजे दाटीतली काही झाडं काढून बाकीच्यांना जागा देण्यात लागते. ठोकताळा असा की जंगल वर्षाला जास्तीत जास्त जितकं वाढू शकतं त्याच्या ७० टक्के काढायचं. हेक्टरी १४ घनमीटरची वाढ आणि दर ५ वर्षांनी विरळणी असेल तर एका खेपेला १४ × ५ × ०.७, म्हणजे ४९ घनमीटर. पण कोणती झाडं? ठेकेदाराला जाड, सरळ झाडं हवी असतात. मॅनेजर नेमकी तीच राखतो आणि त्यांना दाटणारी वाकडी, दुबेळकी (दोन फाट्यांची), साल सोललेली झाडं रंगाने खुणावतो. खूण खोडाच्या दोन्ही बाजूंना हवी, एकाच बाजूला केली तर यंत्रावर बसलेल्याला पलीकडून ती दिसतच नाही. विरळणी लांबली तर झाडं काठीसारखी उंच आणि बारीक होतात, हिरवा शेंडा उंचीच्या एक तृतीयांशाहूनही कमी उरतो. मग पाणथळ, उथळ मातीत अशा दाटीत एकदम मोकळीक केली की पुढच्या हिवाळी वादळात ओळीच्या ओळी आडव्या होतात. तिथे उशिरा विरळणी करण्यापेक्षा मुळीच न करणं बरं, आणि हे मालकाच्या तोंडावर सांगता आलं पाहिजे.

परवान्याचं प्रकरण आपल्या मालकी प्रकरणापेक्षा (स्वतःच्या जमिनीतली झाडं तोडायच्या परवानगीपेक्षा) सोपं, पण सुटका तिथेही नाही. १९६७ च्या कायद्याप्रमाणे तोडीआधी फॉरेस्ट्री कमिशन या सरकारी वनखात्याचा परवाना लागतो. तीन महिन्यांच्या प्रत्येक तिमाहीत ५ घनमीटरपर्यंत मालकाला परवान्याशिवाय तोडता येतं, मात्र त्यातलं २ घनमीटरच विकता येतं. बागेतली आणि फळांची झाडं यातून वगळली आहेत. फी नाही. सगळं सपाट तोडलं तर पुन्हा लावण्याची अट सहसा घालतात, आणि मालक विसरतात ती हीच.

लागवड नोव्हेंबर ते मार्च, झाड झोपेत असताना. आपण पावसाच्या तोंडावर सबलीने भोक करून सागजडी (सागाच्या रोपाचं छाटलेलं मूळ-खोड) लावतो, तसं ते कुदळीने चीर पाडून उघड्या मुळांचं रोप बसवतात आणि टाचेने दाबतात. मुळं वाऱ्यावर दहा-पंधरा मिनिटं उघडी राहिली की रोप अर्धं मेलंच समजा, म्हणून पिशवीतून एका वेळी एकच काढायचं. पुढची तीन-चार वर्षं रोपाभोवती मीटरभर गोलात गवत नको. तिथे चितळ-रोही नाहीत, पण हरणं आहेतच: लहान रो हरणासाठी रोपाभोवती १.२ मीटर उंचीची संरक्षक नळी, मोठ्या लाल हरणासाठी १.८ मीटरची. खारींचा मात्र उपाय सापडलेला नाही. अमेरिकेतून आणलेली करडी खार चांगल्या वाढलेल्या ओक-बीचची साल सोलते आणि वीस-तीस वर्षांची मेहनत जळणाच्या भावात जाते.

विक्रीत पैसे गळतात ते वजनात. लाकूड बरेचदा टनावर जातं आणि तोडल्यापासून सुकू लागतं. उन्हाळ्यात थप्पी रस्त्याकडेला महिनाभर पडली तर तोटा मालकाचा. म्हणून तोडीपासून वजनकाट्यापर्यंत किती दिवस, हे करारात लिहून घेतात, आणि प्रत्येक ट्रकची पावती जंगलातून निघालेल्या खेपांशी ताडून बघतात. एक पावती गहाळ म्हणजे पंचवीसेक टनांचा प्रश्न.

या कामात यायचं तर वनशास्त्राची पदवी आणि पुढे तिथली मास्टर्स हा रुळलेला मार्ग. वेल्समधल्या बँगरला १९०४ पासून वनशास्त्र शिकवतात. नोकरीत काही वर्षं काढून 'चार्टर्ड फॉरेस्टर', म्हणजे व्यावसायिक संस्थेची मान्यता असलेला वनतज्ज्ञ, होता येतं. गाडी चालवता येणं पदवीइतकंच गरजेचं, कारण जंगलापर्यंत बस जात नाही. निम्मा वेळ पावसात आणि निम्मा नकाशाच्या सॉफ्टवेअरपुढे जातो. ज्यांना फक्त जंगल हवं असतं ते इथेच कंटाळतात. परदेशी जायचं नसलं तरी हे कौशल्य वाया जात नाही: २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाल्यापासून तिथल्या कितीतरी ग्रामसभा स्वतःच जंगलाच्या कारभारी झाल्या आहेत, आणि त्यांनाही मोजणी, आराखडा आणि विक्रीचा हिशेब लागतोच.

आता आपल्या वावराच्या धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) सागाचं. एका रांगेतल्या झाडांना पट्टी-दोरीची युक्ती चालत नाही, तिथे टेपनेच घेर घ्यावा. ठेकेदार उक्तं, म्हणजे न मोजता 'सगळी मिळून इतके', म्हणाला तर थांबा आणि विचारा, घनफळ कोणत्या सूत्राने? आपल्याकडे चौथाई घेराचं सूत्र चालतं: घेर भागिले ४, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ८० सेंटिमीटर घेराच्या ३ मीटर नगाचं त्याने ०.१२ घनमीटर येतं. तोच नग गोल धरून मोजला तर ०.१५३. हे सूत्र इंग्रजांचंच, हॉपस नावाच्या माणसाचं, अठराव्या शतकातलं, चौकोनी तुळई काढताना वाया जाणारा भाग आधीच वजा धरणारं. भाव चौथाई घेराचा असेल तर माप चौथाई घेराचं चालेल. पण भाव खऱ्या घनमीटरचा सांगून माप चौथाई घेराने घेतलं, तर शंभरातले एकवीस रुपये तिथेच गेले. शिवाय साल धरून घेर की साल काढून, हेही लाकडावर हॅमरचा शिक्का पडण्याआधी कागदावर घ्या.