पत्र कुठं न्यायचं?

बाबा नगरहून आमच्याकडे पुण्याला राहायला आले, त्याला आता आठ महिने होतील. येताना दोन बॅगा, बीपीच्या गोळ्या आणि गायनाचं जुनं पुस्तक घेऊन आले. मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चच्या सभासदत्वाचं, पत्र तेवढं आणलं नाही. "आधी चर्च तर ठरू दे," म्हणाले.

आमच्यात एका मंडळीतून दुसरीकडे जायचं तर आधीच्या पाळकांचं (धर्मगुरूंचं) पत्र लागतं. मग नाव नव्या वहीत चढतं. वर्गणी, लग्न, माती, सगळं तिकडचं. मी दहा वर्षं पुण्यात आहे आणि नाताळ-ईस्टर सोडला तर कुठंच धड जात नव्हतो. तेव्हा शोध बाबांसाठी, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

पहिला रविवार मुलीच्या पसंतीचा. एका हॉलमधली फेलोशिप, ड्रम, पडद्यावर गाण्यांचे शब्द. माणसं प्रेमळ, चहा उत्तम. पण तिसऱ्या गाण्याला बाबांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं. गाडीत नातीला म्हणाले, "छान होतं गं. फक्त बसायचं कधी, ते कळेना."

मग गुरुवार पेठेतलं पंचहौद. 1885 सालचं चर्च, घंटांचा मनोरा. 1890 मध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळी या मिशनमध्ये चहा प्याली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे त्यांना वाळीत टाकायचं प्रकरण, उभं राहिलं, ही गोष्ट बाबांनी गेटपाशीच सुरू केली. आत शिरेपर्यंत पहिलं गीत संपलं होतं.

कागदोपत्री नगरची अमेरिकन मिशनची मंडळी आणि ही अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या वळणाची, दोन्ही एकच. 1970 ला नागपुरात वेगवेगळ्या पंथांची चर्चेस मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं तेव्हापासून. (मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले, त्याचा राग बाबांना अजून आहे.) पण सवयी कुठं एक होतात? आमच्या नगरला प्रभुभोजन बाकावर बसल्या जागी मिळायचं. भाकर फिरायची, मग छोट्या पेल्यांचा ट्रे. इथं पुढं जाऊन कठड्याशी गुडघे टेकायचे. बाबांनी टेकले आणि त्यांना उठता येईना. मी एका बगलेत हात घातला, दुसऱ्या बगलेत एका अनोळखी बाईंनी.

उपासनेनंतर त्याच बाई आल्या. "सलाम. कुठले तुम्ही?"

"नगर."

"नगरात कुठं? वडाळ्याकडचे का?"

पाच मिनिटांत त्यांच्या मावशीचं सासर राहुरीचं निघालं आणि बाबांच्या ओळखीचंही. मला तेव्हाच कळलं, आमचं फिरणं संपलं. पुढच्या रविवारी बाबा सातलाच कोट घालून सोफ्यावर बसलेले. गुडघ्यांचं काय, विचारलं तर म्हणाले, "पाळकसाहेब बाकावर आणून देतात. विचारलंय मी."

"मग पत्र आणायला कधी जायचं?" मी म्हटलं.

बाबा चष्मा पुसत राहिले. "माझं राहू दे तिकडंच. आईशेजारी जागा आहे." जरा थांबून म्हणाले, "तुझं आण."

"माझं? माझं नाव कुठलं असणार आता तिकडं?"

"आहे. दर वर्षी वर्गणी भरतोय मी तुझी."