जुन्या व्रणावरची नवी जखम

लहानपणी भाजलेल्या जागेवर उतारवयात जखम झाली आणि ती भरायचं नाव घेत नसेल, तर मलमं बदलत बसू नका, तुकडा काढून तपासून घ्या. ड्रेसिंगच्या खोलीत इतकी वर्षं काढल्यावर ही एक गोष्ट मी कुणाचीही भीड न ठेवता सांगते.

हे आठवायचं कारण एक आजी. गुडघ्यामागे पोरवयातला भाजल्याचा व्रण, कातडी ताणलेली, पाय पुरता सरळ होत नसे. चालताना तिथे चीर पडायची, खपली धरायची, पुन्हा उलायची. "सिस्टर, हे माझं नेहमीचंच," असं म्हणत त्या पाय पुढे करायच्या. पण या खेपेला पट्टी सोडताना ओला केलेला गॉजसुद्धा रक्त काढूनच सुटला. सलाइनने धुतल्यावर पुवाचा वास जातो, हा गेला नाही. आणि कडा! भरत आलेल्या जखमेची कड सपाट, मऊ असते, आतल्या बाजूला सरकत येते. ही उचललेली, बाहेर वळलेली, बोटाला टणक लागत होती. मधलं मांस फुलकोबीसारखं वर आलेलं. दुखतंय का विचारलं, तर फारसं नाही म्हणाल्या. व्रणाच्या कातडीत संवेदना कमीच असते, त्यामुळे न दुखण्यावर मी कधीच विसंबत नाही.

डॉक्टरांना तिथल्या तिथे बोलावलं. पहिल्या बायोप्सीत कॅन्सर नाही असं आलं आणि घरचे सुटकेचा श्वास टाकून निघाले होते. सर्जन मात्र अडून बसले. पहिला तुकडा मधूनच घेतलेला होता, आणि मध्ये बहुतेक वेळा मेलेलं मांस आणि सूजच सापडते. दुसऱ्या वेळी त्यांनी कडेवरून, वेगवेगळ्या ठिकाणांहून, पुरेशा खोलीपर्यंत तुकडे घेतले. निदान झालं: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर. व्रणातून उठणारा कॅन्सर बहुतांशी याच प्रकारचा असतो.

तपासणाऱ्याचंही काम सोपं नसतं. वर्षानुवर्षं भरायची धडपड करणाऱ्या जखमेत कातडीच्या निरोगी पेशीसुद्धा खाली खोल शिरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरचा भास होतो. उलटही घडतं. म्हणून तुकड्यासोबतच्या कागदावर नुसतं "पायाची जखम" लिहिलेलं मला अजिबात चालत नाही. भाजल्याला किती वर्षं झाली, जखम कधीपासून, अलीकडे काय बदललं, हे सगळं मी त्यावर लिहवून घेते.

जुन्या व्रणातून उठणाऱ्या या कॅन्सरला मार्जोलिनचा व्रण (मार्जोलिन्स अल्सर) म्हणतात. मार्जोलिन या फ्रेंच सर्जनने १८२८ मध्ये जुन्या व्रणांवर उठणाऱ्या अशा जखमांचं वर्णन केलं होतं. भाजल्याचे व्रण सगळ्यात आघाडीवर, पण हाडातल्या जुनाट जंतुसंसर्गाची वाहती भोकं, शिरांच्या आजारातल्या पायाच्या जुनाट जखमा, अंथरुणाला खिळलेल्यांचे बेडसोअर, कुष्ठरोगातल्या तळव्याच्या जखमा, यांतही तो होतो. भाजल्यापासून कॅन्सर दिसेपर्यंत साधारण तीसेक वर्षं जातात. क्वचित वर्षभरातही होतो, म्हणून व्रण "तेवढा जुना नाही" हे कारण ऐकून मी गप्प बसत नाही. भाजलेल्या बहुतेकांना हे कधीच होत नाही, हेही तितकंच खरं. प्रत्येक डागाकडे धास्तीने बघायची गरज नाही. तीन महिने उलटूनही न भरलेली, किंवा वर्षानुवर्षं एकसारखी राहून अचानक रूप बदललेली जखम मात्र दाखवाच.

निदानानंतर जांघेत, काखेत अवधाण, म्हणजे सुजलेली गाठ, आहे का ते चाचपतात, जखम खोल असेल तर हाडापर्यंत पोचली का यासाठी एमआरआय करतात. हा कॅन्सर उन्हाने होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरपेक्षा पसरायला जास्त तयार असतो. हाडात शिरला तर कधी पायच काढावा लागतो. आजींचा तिथवर गेला नव्हता. भोवतीची चांगली कातडी धरून तो भाग काढला, मांडीची कातडी लावली. आता तपासणीला आल्या की त्या सवयीने गुडघा पुढे करतात, आणि मी तो बघून झाल्यावर जांघही चाचपून घ्यायची डॉक्टरांना आठवण करते.