गोव्याचे खेळाडू, मुंबईची जर्सी आणि माझा मामेभाऊ

दिवाळी पाडव्याच्या रात्री मामेभावाचा फोन आला तेव्हा मागे इतका गोंधळ होता की मिनिटभर मला काही ऐकूच येईना. तो फातोर्ड्याच्या स्टेडियमबाहेर उभा होता, अल नस्रची मॅच नुकतीच संपलेली, एफसी गोवा 1-2 हरलेलं, पण गडी असा बोलत होता जसं काही कप जिंकून आलाय. मी म्हटलं अरे रोनाल्डो आलाच नाही ना, तिकिटाचे पैसे गेले तुझे. तर म्हणतो रोनाल्डोचं सोड, ब्रायसनचा गोल बघितलास का तू?

बघितला होता. टीव्हीसमोरच बसलो होतो, ताटात फराळ तसाच. 41 व्या मिनिटाला ब्रायसन फर्नांडिसने गोल टाकला तेव्हा मी मुंबई सिटी क्लबचा चाहता असूनसुद्धा सोफ्यावरून उठलो. गोव्याचा पोरगा, गोव्याच्या मैदानावर, सौदीच्या त्या महागड्या टीमला गोल मारतोय, यात मुंबई-गोवा काय करायचं.

आणि मग एकदम त्याचा आवाज खाली आला. म्हणाला, एक सांगू का, ब्रायसनाक हात लावूं नाका हां तुमी.

हे वाक्य कुठून आलं ते कळायला आमची सगळी हिस्टरी सांगावी लागेल. सांगतोच आता, बरेच दिवस लिहायचं होतं.

माझं आजोळ मडगावचं. मामा जुना डेम्पोवाला, म्हणजे गोव्याच्या डेम्पो क्लबचा चाहता, पाच राष्ट्रीय टायटल्स त्याला वर्षासकट पाठ (2005, 2007, 2008, 2010, 2012) आणि 2016 ला डेम्पो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघांनी आय-लीग सोडली तेव्हापासून तो मॅचला जायचा बंदच झाला. मामाचा मुंबईवर जुना राग. त्याचं म्हणणं, गोव्याने खेळाडू घडवायचे आणि मुंबईने वापरायचे हे काही आजचं नाही. नेव्हिल डिसोझा आसगावचा, 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारली, ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक मारणारा पहिला आशियाई, आणि क्लब फुटबॉल खेळला मुंबईत टाटांकडून. महिंद्रा युनायटेड 2005-06 ला नॅशनल लीग जिंकली तेव्हा कोच कोण तर डेरिक परेरा, गोव्याचाच. मामा हे सगळं जेवताना सांगायचा, आणि मी डोंबिवलीचा भाचा म्हणून जणू मीच सगळ्यांना घेऊन गेलोय असं माझ्याकडे बघायचा.

पण आमचा, म्हणजे माझा आणि मामेभावाचा खरा किस्सा 2019 पासून सुरू होतो.

त्या मार्चमध्ये इंडियन सुपर लीगच्या सेमीफायनलला एफसी गोव्याने आम्हाला अंधेरीत, आमच्या घरात, 5-1 मारलं. मी स्टँडमध्ये होतो. पहिला गोल आमचा, म्हणून जास्तच लागलं. नंतर जॅकीचंद, मग मुर्तदा फॉलचे दोन, कोरोचा एक, आणि शेवटचा ब्रँडन फर्नांडिसचा. फॉल आणि ब्रँडन ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे येणारेत. आझाद नगरला मेट्रोत चढलो तेव्हा डब्यात आमचे निळे टीशर्टवाले सगळे गप्प, घाटकोपरला उतरेपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही.

फायनल पण अंधेरीतच होती, 17 मार्च, रविवार. मामेभाऊ रात्रीच्या गाडीने आला, मी त्याच्यासोबत गोव्याच्या लोकांमध्ये बसलो, आपली टीम नाही तर निदान भाऊ तरी जिंकू दे म्हणून. समोर बंगळुरू. एक्स्ट्रा टाइममध्ये अहमद जाहूला दुसरं यलो, गोवा दहा जणांवर, आणि 117 व्या मिनिटाला डिमासचा कॉर्नर आणि राहुल भेकेचा हेडर. पेनल्टी तीन मिनिटांवर होत्या. मामेभाऊ शिट्टी वाजल्यावर पण बराच वेळ तसाच बसून राहिला, मी पाण्याची बाटली पुढे केली ती पण घेतली नाही. मला आठवतंय तो फक्त एवढंच म्हणाला की हा भेके मुंबईचा ना रे. मी म्हटलं हो. त्यावर काही बोलला नाही.

बरं, आता 2020. मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने 2019 च्या नोव्हेंबरमध्ये आमच्या क्लबचे 65 टक्के घेतलेले, पैसा आलेला, सगळीकडे चर्चा की मोठी नावं येणार. आम्हाला मोठ्या नावांची सवय होती तशी. पहिल्याच वर्षी ल्युंगबर्ग आणि अनेल्का, 2016 ला फोरलान. फोरलानने केरळाविरुद्ध हॅटट्रिक मारलेली 5-0 ची मॅच मी पाहिलीय, 2010 वर्ल्ड कपचा गोल्डन बॉलवाला माणूस अंधेरीत माझ्यापासून तीस-चाळीस मीटरवर फ्री किकला उभा, अंगावर काटा आला होता. पण खरं सांगतो, या मोठ्या नावांमधून टीम उभी राहिली असं कधी झालं नाही. ती येतात, फोटो होतात, एक-दोन रात्री आयुष्यभर लक्षात राहतात, सीझन संपला की जातात.

2020 ला मात्र वेगळं झालं. गोव्याने त्यांचा कोच लोबेराला सीझन संपायच्या आधीच, टीम टॉपवर असताना काढलेलं. तो मुंबईला आला. आणि त्याच्या मागोमाग जाहू आला, फॉल आला, ह्युगो बूमूस बायआउट (करार मोडायची रक्कम) भरून आला, आणि मंदार राव देसाई आला. मंदार! म्हापशाचा पोरगा, गोव्याचा कॅप्टन, गोव्याने पहिली लीग शील्ड (गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्याला मिळते ती, कप वेगळा) जिंकली तेव्हाचा कॅप्टन. प्रत्येक नाव जाहीर झालं की मी मामेभावाला मेसेज करायचो, मला वाटायचं मजा चाललीय. मंदारच्या बातमीनंतर त्याचा रिप्लाय आला, आतां कोणाक व्हरतले तुमी (आता कोणाला नेणार तुम्ही), आणि मग दोन आठवडे काहीच नाही. मी पुन्हा पुन्हा मेसेज केले, ब्लू टिक यायची फक्त.

आता कळतं की मी तेव्हा चुकलो. तेव्हा एवढंच दिसत होतं की आपली टीम भारी होतेय.

तो सीझन कोविडमुळे पूर्ण गोव्यात, बंद दाराआड. मामाचं घर फातोर्डा स्टेडियमपासून एवढं जवळ की गच्चीवरून फ्लडलाइट दिसतात. मामेभाऊ सांगतो की दिवे लागलेले दिसायचे पण आवाज नाही, टीव्हीवर बघायचं आणि मध्येच गच्चीत जाऊन त्या दिव्यांकडे बघून यायचं. सेमीफायनलला आमची गाठ पुन्हा गोव्याशीच. पहिली लेग 2-2, आमचे दोन्ही गोल कोणाचे तर बूमूस आणि फॉलचे. दुसरी 0-0, पेनल्टी, पेनल्टीसाठी दोन्ही कोचनी गोलकीपर बदललेले, सडन डेथ, आणि शेवटची किक मारली रोलिन बोर्जेसने, तो पण गोव्याचाच! मग फायनलला 90 व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल, मोहन बागानला 2-1, शील्ड आणि कप दोन्ही एका वर्षात. मी घरात एकटा ओरडलो, खालचे काका वर बघायला आले. पण मामेभावाला फोन करायची हिंमत झाली नाही. फोन त्याचाच आला दुसऱ्या दिवशी. म्हणाला, मंदारच्या हातात कप बघून बरं वाटलं. एवढंच.

पुढच्या सीझनला भेके आला. तो हेडरवाला. मुंबईचा मुलगा शेवटी मुंबईत आला. माझ्यासाठी क्लबच्या आजपर्यंतच्या सगळ्या साइनिंगमध्ये हे सगळ्यात वरचं, फोरलानच्याही वर, वाद घालायचा तर घाला. कारण 11 एप्रिल 2022, रियाध, एएफसी चॅम्पियन्स लीग, समोर इराकची एअर फोर्स टीम, आम्ही 0-1 मागे, मग मॉरिसिओची पेनल्टी आणि पाचच मिनिटांत कॉर्नरवर भेकेचा हेडर. 2-1. त्या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेली पहिली मॅच. तोच माणूस, तशीच उडी. मामेभावाने मला त्या रात्री फक्त एक ओळ पाठवली, की आता त्याला माफ केलं.

(नेमारचं पण सांगायला हवं, कारण परवा रोनाल्डोवरून तेच आठवत होतं. 2023 ला ड्रॉ निघाला, नेमारची सौदी टीम अल हिलाल आमच्या ग्रुपमध्ये, नेमार डी. वाय. पाटीलला येणार म्हणून ऑफिसमधले ज्यांना ऑफसाइड कळत नाही ते पण तिकिटं विचारायला लागले. ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला. आम्ही 6 नोव्हेंबरला तरी गेलो, रियाधमध्ये 6-0 खाल्लेल्या टीमने इथे त्यांना तासभर गोल करू दिला नव्हता, शेवटी 0-2. त्या दिवशी स्टँडमध्ये जे राहिले ते आमच्या पोरांसाठी ओरडत होते, मला ती मॅच फार प्रिय आहे.)

आता ती रात्र. 24 एप्रिल 2024, फातोर्डा, पुन्हा सेमीफायनल. या वेळी मी गेलो, मामाकडे उतरलो, निळी जर्सी बॅगेत ठेवली कारण बसणार मामेभावाबरोबर गोव्याच्या स्टँडमध्ये. आणि विशेष म्हणजे मामा आला! आठ वर्षांनी स्टेडियमवर. बोरिस सिंगचा गोल, मग ब्रँडनचा, 2-0, स्टँड हलत होता, मामा उभा राहून टाळ्या वाजवत होता, पंच्याऐंशी मिनिटं झाली, काही लोक पार्किंगच्या गर्दीआधी निघायला लागले. मला वाईट वाटत नव्हतं खरंच, मामाचा चेहरा बघून.

90 व्या मिनिटाला आमचा छांगटे, 2-1. ठीक आहे म्हटलं. लगेच विक्रम प्रताप, 2-2. स्टेडियम इतकं शांत झालं की खाली मैदानावर आमचे खेळाडू एकमेकांना काय ओरडतायत ते ऐकू येत होतं. आणि इंज्युरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला परत छांगटे. 2-3.

मी ओरडलो नाही. छातीत काय चाललं होतं ते मलाच माहीत, हात गुडघ्यांवर दाबून धरले होते. मामा हळूच खाली बसला. मामेभावाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ओरड रे, तुझी टीम आहे. मला नाही जमलं. बाहेर पडताना मामाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, चालायला त्याला तसा आधार लागतो, पण त्या दिवशी जरा जोरात धरला होता.

त्या सीझनला आम्ही कोलकात्यात सॉल्ट लेकवर मोहन बागानला 3-1 हरवून कप घेतला. कॅप्टन भेके. मला वाटलं आता ही टीम तीन-चार वर्षं तरी अशीच राहणार. मेच्या शेवटापासून एकेक बातमी यायला लागली. भेके बंगळुरूला परत. परेरा डियाझ बंगळुरूला, नोगुएरा पण तिकडेच. अपुइया मोहन बागानला. अपुइयाच्या बातमीला मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभा राहिलो होतो. मधली फळी त्याच्यावर उभी होती आमची, आणि आता तो ज्यांना हरवून कप घेतला त्यांच्याकडे. त्या रात्री मी मामेभावाला स्वतःहून फोन केला आणि 2020 च्या मेसेजबद्दल सॉरी म्हटलं. चार वर्षं उशिरा. तो म्हणाला जाऊ दे रे, पण आता कळलं ना. आणि मग म्हणाला की उद्या-परवा तुला एक बातमी कळेल, मला आजच कुणकुण लागलीय, ब्रँडन तुमच्याकडे येतोय.

आला. ज्याने 2019 ला आम्हाला पाचवा गोल मारला होता, ज्याच्या फ्री किकवर 2021 ला एदू बेदियाने पर्सेपोलिसला गोल मारला तेव्हा अख्खा गोवा नाचला होता, तो ब्रँडन निळ्या जर्सीत. या वेळी मी एकही मेसेज केला नाही. मामेभावाने विचारलं, पहिल्या मॅचला जाशील ना, त्याच्यासाठी एकदा टाळ्या वाजव, माझ्यातर्फे. वाजवल्या.

त्या सीझनचा शेवट कसा झाला ते मुंबईवाल्यांना सांगायला नको, मार्च 2025, बंगळुरूत नॉकआउटला 0-5. पाचवा गोल डियाझचा. ज्याच्या गोलांवर आदल्या वर्षी कप आला तोच. मॅच संपायच्या आधी टीव्ही बंद केला नाही, पूर्ण बघितली, आपल्या माणसाचा गोल बघायचाच असं ठरवून बघितली. मे महिन्यात गोव्याने सुपर कप जिंकला, त्यातून आशियाई स्पर्धेची वाट उघडली, म्हणून तर अल नस्र फातोर्ड्याला आलं. आणि जुलैमध्ये लीगच स्थगित झाली. दरवर्षी या दिवसांत आम्ही कोण येणार कोण जाणार यावर रात्री एकेक तास घालवतो, या वेळी विषयच वेगळा, पगार होतील का, सीझन होईल का. ट्रान्सफरवर भांडायला तरी मिळावं असं वाटायचं.

म्हणून पाडव्याचा तो फोन मला इतका गोड लागला. तो परत भांडायला तयार होता, परत घाबरला होता की त्याचा खेळाडू कोणीतरी घेऊन जाईल. मी त्याला म्हटलं, ब्रायसनला मुंबईत आणणं माझ्या हातात नाही, पण क्लबने विचारलं तर मी नको म्हणेन. तो म्हणाला शपथ घे. घेतली. मग मागून मामाचा आवाज आला, तो पण गेला होता मॅचला, ओरडून विचारत होता की कोण आहे फोनवर, मुंबईवाला का?