कुलूपबंद उपकेंद्रात तपासणी केंद्र : माझा अनुभव

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमधली जी ५२ गावं नव्या जागी वसवली, त्यांतलं आमचं एक. तेव्हा आरोग्य उपकेंद्राला ऐसपैस इमारत मिळाली होती. पुढं रस्त्यालगत नवं उपकेंद्र झालं आणि जुन्याला कुलूप लागलं. तिथं रक्त-लघवी तपासणी केंद्र सुरू करायला काय काय करावं लागलं ते सांगते. अशी कुलपं आपल्याकडं आणखीही गावांत आहेत.

मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते, निवृत्तीनंतर गावी आले. उपकेंद्रात घेतलेले नमुने मोटारसायकलवरून तालुक्याला जायचे. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच राहिलं तर पेशी त्यातली साखर वापरत राहतात. खोलीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते, मे महिन्यात त्याहून वेगानं. म्हणजे ज्याची साखर खरंच वाढलीय, त्याचा रिपोर्ट चांगला येऊ शकतो! खड्ड्यांत हिंदकळून पेशी फुटल्या की पोटॅशियम खरं वाढलेलं नसतानाही रिपोर्टात वाढलेलं दिसतं. म्हाताऱ्या माणसांचा हेलपाटा वाचावा हे तर होतंच, पण मला जास्त टोचायचे हे चुकीचे आकडे.

ग्रामसभेत पहिली मागणी सोनोग्राफीची आली. बायकांची गरज मला कळत होती. पण सोनोग्राफीला १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली नोंदणी आणि पात्र डॉक्टर लागतो, एक्स-रेला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी. तेच धरून बसलो असतो तर फाईल टेबलाटेबलावर फिरत राहिली असती. सरपंचताईंनी माझं म्हणणं उचलून धरलं आणि रक्त, लघवी, ईसीजी एवढ्यापुरता ठराव झाला.

मग प्रश्न आला, इमारत कुणाची? नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदवहीत, जागा ग्रामपंचायतीची, ताबा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाचा. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी पुनर्वसनाच्या काळातलं दप्तर उपसून हस्तांतरणाचा कागद काढला. कुणी हे काम हाती घेणार असेल तर आधी हा कागद शोधा. तो नसेल तर बाकीच्या अर्जांना काही अर्थ नाही.

आत गंजक्या खाटा, मोडका वजनकाटा, मुदत संपलेल्या औषधांची खोकी. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे सरकारी सामानाच्या नोंदवहीत, चढलेली वस्तू निर्लेखन झाल्याशिवाय, म्हणजे रीतसर नोंदीतून कमी केल्याशिवाय, हलवता येत नाही. त्यामुळं खोल्या रिकाम्या व्हायलाच फार वेळ गेला. अभियंत्याची पाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता हे त्यामानानं सरळ झालं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के बंधित, म्हणजे फक्त पाणी-स्वच्छतेसाठी राखलेला होता. दुरुस्ती उरलेल्या ४० टक्क्यांतून केली, पण त्यासाठी काम आधी गावाच्या विकास आराखड्यात घालावं लागलं. मशीन आणि रिएजंट (तपासणीची रसायनं) आरोग्य विभागानं दिले.

सगळ्यात दमवलं ते अर्थिंगनं. सेल काउंटरवर, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या मशीनवर, एकच नमुना दोनदा लावला तर प्लेटलेटचे दोन वेगळे आकडे यायचे. डेंग्यूच्या दिवसांत असा रिपोर्ट मी कुणाच्या हातात देणार? आमची काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, ओल गेली की अर्थिंग कामातून जातं. वायरमननं नवा खड्डा घेऊन कोळसा-मिठाचे थर दिले आणि वरून पाणी सोडायला पाइप ठेवला. आता मावशी आठवड्याला तिथं बादलीभर पाणी ओततात आणि तारीख भिंतीवरच्या कागदावर लिहितात. दोन्ही आकडे जुळायला लागले तेव्हाच मी पहिल्या रिपोर्टवर सही होऊ दिली. पाण्याचंही तसंच. बोअरच्या पाण्यानं काचसामानावर पांढरा थर धरतो, म्हणून शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड वॉटरनंच.

जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र घेतलं. कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही असा नियम आहे, आणि कचऱ्याची गाडी आमच्यासाठी एवढ्या आत यायला तयार नव्हती. शेवटी पिवळ्या-लाल पिशव्या आणि सुयांचा पांढरा डबा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गाडीतून न्यायचं वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लेखी मान्य केलं. तोंडी मान्यतेवर मी थांबले नाही, कारण साहेबांची बदली कधीही होते.

आता हिमोग्लोबिन, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), लघवी आणि ईसीजी इथंच होतं. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या बाया घरी जाऊन भाकरी करतात आणि दुपारी रिपोर्ट नेतात. थायरॉइडचे नमुने अजून बाहेर जातात, पण सीरम (रक्तातला पेशींविना द्रव) वेगळं करून, बर्फाच्या डब्यात. टेक्निशियन एकच आहे. दुसऱ्या पदाचा प्रस्ताव तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून जिल्ह्याला गेलाय. मंजूर होईपर्यंत हा टेक्निशियन रजेवर असला की केंद्र बंद राहतं.