थांबणं कुणाला परवडतं? आमच्या फाउंड्रीची वाटचाल

उद्योगाची वाटचाल लिहायची म्हटलं की पहिलं मशीन, पहिली मोठी ऑर्डर, आयएसओचं सर्टिफिकेट, नवी शेड असा क्रम ठरलेला असतो. आमच्याकडेही हे सगळं घडलं. १९९४ साली बेळगावजवळच्या मच्छेत भाड्याच्या शेडमध्ये लोखंड वितळवायची, कोकवर चालणारी कपोला भट्टी पेटवली, पुढे स्वतःची जागा झाली, कोक जाऊन विजेवरची इंडक्शन फर्नेस आली. पंपाच्या केसिंग, व्हॉल्व्हच्या बॉडी, ट्रॅक्टरचे लहान भाग अशी बिडाची आणि एसजी आयर्नची (त्याहून चिवट बिडाची) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, आम्ही करतो. पण एवढ्या वर्षांत मी जे शिकलो ते भट्टीपेक्षा कॅलेंडरकडे बघून शिकलो. कुणाचे पैसे किती तारखेला मिळतात, यावरून त्या माणसाची बाजारातली जागा कळते. म्हणून ही वाटचाल मी तारखांच्या अंगाने लिहितो आहे.

आमचं मूळ गाव निपाणीच्या बाजूला. आप्पा तंबाखू लावायचे. त्या भागातला तंबाखू विडीसाठी जातो आणि त्याचा व्यवहार निपाणीच्या वखारींत व्हायचा. माल व्यापाऱ्याच्या दारात जाईपर्यंत शेतकऱ्याचा, दारात गेला की वजन, प्रत, काडीकचऱ्याची सूट, सगळं व्यापारी सांगेल तसं. दर नंतर ठरायचा आणि पैसे त्याहून नंतर, तेही तुकड्यातुकड्यांनी. आप्पांना दर पटत नसे, तरी माल ते परत आणू शकत नव्हते. मृग तोंडावर आला की बियाणं हवं, खत हवं, सोसायटीचं कर्ज नवंजुनं करायला हवं. व्यापाऱ्याला मात्र घाई नव्हती. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला, ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मेले. मी तेव्हा हायस्कुलात होतो. लोक दरासाठी रस्त्यावर बसलेत एवढंच तेव्हा समजलं. दर मागण्यासाठी रस्त्यावर का बसावं लागतं, हे कळायला मला कारखानदार व्हावं लागलं.

डिप्लोमा करून बेळगावच्या उद्यमबागेत नोकरी केली, मग स्वतःचं काम सुरू केलं. पहिली काही वर्षं गिऱ्हाईक स्थानिक होतं. शनिवारी माल, पुढच्या शनिवारी चेक. पुढे एका मोठ्या कंपनीचं काम मिळालं तेव्हा घरी पेढे वाटले. तिच्या ऑर्डरमध्ये टनेज भरपूर होतं, ड्रॉइंग व्यवस्थित होतं, आणि पेमेंटची अट ९० दिवस होती. हे ९० दिवसही बिलाच्या तारखेपासून मोजायचे नव्हते. माल त्यांच्या गेटात जाऊन, तपासून, पावती निघाली की मग घड्याळ सुरू.

ज्यांना या धंद्याची कल्पना नाही त्यांच्यासाठी हिशेब मांडतो. समजा महिन्याला २० लाखांचा माल जातो. ९० दिवस म्हणजे ६० लाख रुपये कायम बाहेर. एवढे पैसे लहान कारखानदाराकडे नसतात, म्हणून घर गहाण ठेवून बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, घ्यायची. ११ टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं ६ लाख ६० हजार. वर्षाची विक्री २ कोटी ४० लाख धरली तर पावणेतीन टक्के फक्त वाट बघण्यात गेले. आमच्या धंद्यात शेकडा चार-पाच रुपये हातात राहिले तर वर्ष बरं गेलं म्हणतात. शिवाय कास्टिंगवर १८ टक्के जीएसटी. गिऱ्हाइकाने एक रुपयाही दिलेला नसला तरी खरेदीवरचं क्रेडिट वजा करून उरलेला कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला आमच्या खात्यातून जातो. पिग आयर्नवाला (कच्चं लोखंड देणारा) आठवड्यात पैसे मागतो, स्क्रॅपवाला रोखीने, आणि हेस्कॉमचं विजेचं बिल थकवून भट्टी चालत नाही.

म्हणजे मच्छेतला एक लहान कारखाना घर गहाण ठेवून एका अवाढव्य कंपनीला बिनव्याजी कर्ज देतो आहे. त्यावर दरवर्षी ‘कॉस्ट डाउन’ नावाचं पत्र येतं: यंदा दोन-तीन टक्के दर कमी करा. नापास मालाचे पैसे कापल्याची डेबिट नोट येते, कधी माल परत येतो, कधी नुसताच कागद. एकदा त्यांच्या खरेदी खात्यातल्या साहेबांना मी विचारलं, तुमच्या बँकेत एवढा पैसा असताना आमचे का अडवता? ते शांतपणे म्हणाले, “आमचं कामच आहे ते. तुम्ही नाही केलंत तर रांगेत आणखी चार जण आहेत.” त्या माणसावर माझा राग नाही. तो त्याच्या कंपनीचं हित बघत होता, आणि त्याचा पगार त्यासाठीच होता. मला राग आहे तो ज्या विचारात हे वागणं शहाणपणाचं ठरतं त्या विचाराचा.

तो विचार असा की प्रत्येकाने आपला स्वार्थ बघावा, त्यातूनच सगळ्यांचं भलं होतं. उद्योजकांच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी अॅडम स्मिथचा दाखला देतो: खाटीक आणि पाववाला आपल्यावर उपकार म्हणून माल देत नाहीत, त्यांच्या फायद्यासाठी देतात, तरी आपलं जेवण होतं. १७७६ साली मांडलेली ही गोष्ट चुकीची नाही. पण त्याच माणसाने त्याच वर्षी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली, ती व्यासपीठावर कुणी सांगत नाही. मालक आणि कामगार यांचा वाद झाला तर मालक साठवलेल्या पैशावर वर्ष-दोन वर्षं काढू शकतो. कामाशिवाय पुष्कळ कामगारांचा आठवडासुद्धा निघत नाही, थोड्यांचा महिना निघतो, वर्षभर तर क्वचितच कुणी टिकतो. मजुरी वाढू नये म्हणून मालकांची सदासर्वकाळ न बोलता एकी असते, हेही त्यानेच लिहिलं आहे. ज्याला भांडवलशाहीचा आद्य पुरुष म्हणतात त्याला दिसलं होतं की दोन स्वार्थ समोरासमोर येतात तेव्हा ज्याला थांबणं परवडतं त्याचाच दर होतो.

मी कामगार चळवळीतला माणूस नाही. मी मालक आहे, नफ्यावर माझं घर चालतं, आणि धंदा करण्यात मला आनंद आहे. तरीही भांडवलशाहीवरचा माझा आक्षेप हाच आहे. तंबाखूच्या व्यापाऱ्याला आप्पांची अडचण बघायचं कारण नव्हतं, मोठ्या कंपनीला माझी बघायचं नाही, आणि मी मनात आणलं तर फेटलिंगवाल्याची, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्याची, अडचण बघायचं मलाही काहीच कारण नाही. बाजार मला तसं वागायला रोज सुचवतो. वरून आलेले ९० दिवस खाली ढकलता येतात. आमचं काम बाहेर करून देणाऱ्या जॉबवर्कच्या शेडला दोन महिने लटकवायचं, पगार ७ वरून १५ तारखेवर न्यायचा. मग त्या घरातली बाई किराणावाल्याकडे उधारी वाढवते, भिशी आधी उचलते, कानातलं सोनाराकडे जातं. कंपनीच्या ताळेबंदातली सुबक रोकड शेवटी पिरनवाडीतल्या किंवा येळ्ळूरच्या एखाद्या घरातल्या गहाण दागिन्यातून आलेली असते. या साखळीत आपण कायदा मोडला असं कुणालाच वाटत नसतं, प्रत्येकाने फक्त आपापलं हित बघितलेलं असतं.

कायद्यांना हे कळतं असं त्यांच्यातल्या दिवसांवरून दिसतं. १९३६ च्या वेतन कायद्याने हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथे ७ तारखेच्या आत पगार सांगितला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे आणि उशिरावर १५ टक्के व्याज द्यायचं असं आहे, कारण तोडलेला ऊस शेतकऱ्याला ठेवून घेता येत नाही. आमच्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने असून त्या १४ दिवसांसाठी शेतकऱ्यांना किती वेळा रस्त्यावर यावं लागतं, हे इथल्या कुणालाही विचारा. आम्हा लहान उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे: करार काहीही असो, ४५ दिवसांच्या पुढे बिल थांबवता येत नाही. थांबवलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. निकालाविरुद्ध खरेदीदाराला कोर्टात जायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कागदावर याहून कडक काय असणार? पण तक्रार करणाऱ्याला पुढची ऑर्डर कोण देणार, या एका प्रश्नापाशी तो सगळा कडकपणा संपतो. २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकरातच बदल झाला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच वजा मिळतो. आम्ही खूश झालो. थोड्याच दिवसांत एका खरेदीदाराकडून विचारणा आली, तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग असल्याची सरकारी नोंद, रद्द करता येईल का?

२०२० चा लॉकडाऊन मी विसरणार नाही. मार्चच्या शेवटी भट्टी थंड झाली. आमची जुनी बिलं बाहेर होती, आणि परिस्थितीचं कारण सांगून सगळ्यांनी ती रोखून धरली. मे महिन्यात सरकारने लहान उद्योगांसाठी ३ लाख कोटींच्या तारणमुक्त कर्जाची हमी योजना आणली. आम्हीही ते कर्ज घेतलं, त्यावर पगार केले, त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण ज्याचे पैसे दुसऱ्याकडे अडकलेत त्याला मदत म्हणून कर्ज मिळावं, आणि ज्याने अडकवलेत त्याला कुणी विचारू नये, याचं मला फार वाईट वाटलं. ओडिशाची पोरं तेव्हा आमच्या शेडमध्येच राहिली. गावातल्या बायकांनी, मराठी काय आणि कन्नड काय, त्यांच्यासाठी भाकऱ्या करून पाठवल्या. त्या भाकऱ्यांचं बिल कुणी केलं नाही. माणसं फक्त स्वार्थानेच हलतात असं सांगणाऱ्याला त्या दोन महिन्यांचा अर्थ लावता येणार नाही.

पैशापेक्षा जास्त काळ थांबणारी एक गोष्ट फाउंड्रीत आहे, ती म्हणजे धूळ. मोल्डिंगची वाळू सिलिकाची असते. साचा फोडताना आणि फेटलिंग करताना तिची बारीक धूळ उडते आणि फुप्फुसात बसते. सिलिकोसिस व्हायला बहुधा दहा वर्षांहून जास्त काळ जातो, आणि एकदा झाला की बरा होत नाही. मालकाचा ताळेबंद मार्चला संपतो, कामगाराचं फुप्फुस पंधरा वर्षांनी हिशेब दाखवतं. तोवर तो दुसऱ्या कारखान्यात असतो किंवा गावी परत गेलेला असतो. धूळ ओढणाऱ्या यंत्रणेने एकाही कास्टिंगचा दर वाढत नाही. माझा सीए मला जपणारा माणूस आहे, तोही म्हणाला होता की या खर्चातून परतावा नाही. खरंच नाही. म्हणूनच हे काम स्वार्थावर सोडता येत नाही असं माझं म्हणणं आहे.

या सगळ्यातून आमच्या कारखान्याचे काही रिवाज तयार झाले. पगार ७ तारखेला, बँकेत काहीही असो. जॉबवर्कवाल्यांना १५ दिवसांत पैसे. एकूण कामाच्या पावापेक्षा जास्त काम एका गिऱ्हाइकाचं घ्यायचं नाही, कारण त्याच्या पुढे गेलं की नाही म्हणायची ताकद जाते. खंडेनवमीला पूजा झाली की वर्षाचा जमाखर्च शेडमध्येच वाचून दाखवतो, आधी मराठीत, मग आमचा जुना मेल्टर तो कन्नडमध्ये सांगतो. कायद्याचा ८.३३ टक्के बोनस दिल्यावर उरलेल्या नफ्याचे तीन वाटे: एक यंत्रसामग्रीला, एक कामगारांना, एक आमच्या घराला. बाराव्या शतकात बसवण्णांनी कायक आणि दासोह सांगितला, म्हणजे श्रम करावा आणि मिळालेलं वाटावं. आमच्या कन्नड कामगारांकडून ते शब्द मी शिकलो आणि ते मला आपले वाटले.

याची किंमत मोजावी लागली. ते ९० दिवसांचं मोठं काम आम्ही सोडलं, तेव्हा दोन वर्षं एक भट्टी अर्धवेळ चालली. आमच्यानंतर सुरू झालेल्या कारखान्यांकडे आज ऑटोमॅटिक मोल्डिंग लाइन आहे, आमच्याकडे नाही. आमच्या वाटणीत तिसरा वाटा आमच्या घराला का, अर्धा कामगारांना का नाही, हा प्रश्न एका तरुण फेटलरने जमाखर्चाच्या दिवशी सगळ्यांसमोर विचारला. मी म्हणालो, जोखीम माझी, घर माझं गहाण. तो म्हणाला, फुप्फुस माझं. त्या वर्षीच्या माझ्या वाट्यातून दुसऱ्या शेडची धूळयंत्रणा आली. वाटपाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही, आणि तो दरवर्षी निघतो.

आता हिशेब मुलगी बघते. तिचं म्हणणं आहे, “बाबा, तुम्ही एकट्याने नाही म्हणता म्हणून रांगेतले चार जण उरतात.” तिने मच्छे आणि उद्यमबागेतल्या काही फाउंड्रीवाल्यांशी बोलणं सुरू केलं आहे. कोटेशनमध्ये दर ज्याचा त्याने द्यावा, त्यात एकमेकांशी बोलायचंही नाही. दिवस मात्र सगळ्यांनी कायद्याप्रमाणे ४५ लिहायचे, आणि आपल्या जॉबवर्कवाल्यांनाही तेच द्यायचे. पहिल्या अटीवर सगळे हो म्हणतात. दुसऱ्या अटीवर निम्मे गप्प होतात, आणि ती अट गाळायला मुलगी तयार नाही.