तुम्ही विचारलंत म्हणून: घरी आणलेला ड्रॅगन खात का नाही?

‘मोठा झालेला बिअर्डेड ड्रॅगन (गळ्याखाली काटेरी ‘दाढी’ असलेला पाळीव सरडा) दत्तक घेतला आहे, आज सहावा दिवस, आणि त्याने अन्नाला तोंड लावलेले नाही, काय करू?’ हा प्रश्न मला बेळगावातून, निपाणीहून, खानापूरकडून आणि सीमेपलीकडच्या कोल्हापूरहूनही इतक्यांदा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. विचारणाऱ्याच्या आवाजातली काळजी मला ओळखीची आहे, कारण माझा चार वर्षांचा ड्रॅगन भैरू आमच्या टिळकवाडीच्या घरी आला तेव्हा मीही अशीच रात्र-रात्र त्याच्या पेटीसमोर बसून काढली होती. माझे उत्तर असे की आधी त्याची ऊब आणि प्रकाश मोजा, मग त्याला शांतपणे एकटे राहू द्या, आणि अन्नाची चिंता त्यानंतर करा.

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या कोरड्या, तापलेल्या प्रदेशातला. ऑस्ट्रेलियाने आपल्या वन्यप्राण्यांच्या व्यापारी निर्यातीवर अनेक दशकांपासून बंदी घातलेली असल्यामुळे जगभरच्या घरांत आज दिसणारे ड्रॅगन बंदिवासातच जन्मलेल्यांचे वंशज आहेत. परंतु कितीही पिढ्या पेटीत गेल्या तरी त्यांचे शरीर त्याच उन्हाची अपेक्षा करते. आमच्या शेजारच्या काकूंनी भैरूला पहिल्यांदा पाहिले तेव्हा ‘अगं बाई, घोरपड आणलीस की काय!’ म्हणून त्या दारातच थांबल्या, आणि समोरच्या घरातल्या कन्नड बोलणाऱ्या अक्कांनीही ‘उडा’ म्हणजे घोरपडच ठरवली. हा गैरसमज वेळीच दूर करावा, कारण घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि ती घरात ठेवणे हा गुन्हा आहे. त्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ठरावीक विदेशी जातींचीही नोंदणी करावी लागते, म्हणून प्राणी देणाऱ्याकडून त्याचे कागद मागून घ्यावेत आणि आपल्याला कोणता नियम लागू होतो हे वनखात्यात जाऊन विचारावे.

भैरू परदेशी निघालेल्या एका कुटुंबाकडून जानेवारीत आला. सोबत दोन फुटांची काचेची पेटी आणि एक पिवळा बल्ब होता. मी ती पेटी पूर्वेच्या खिडकीशी ठेवली आणि कोवळे ऊन त्याच्या अंगावर पडते आहे याचे समाधान मानले. ही माझी चूक होती. हाडांच्या आरोग्यासाठी त्याला लागणारे अतिनील ‘बी’ किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत, आणि तो साधा बल्ब तर ते मुळीच देत नव्हता. या किरणांमुळे त्याच्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या आधारे आतडे अन्नातला कॅल्शियम शोषून घेते. किरण मिळाले नाहीत तर शरीर हाडांमधला कॅल्शियम ओढू लागते, मग जबडा मऊ पडतो, पायांना कंप सुटतो, पाठीचा कणा वाकतो. दुसरी चूक त्याहून साधी होती. पाचव्या दिवशी बंदुकीसारखा दिसणारा, दुरून पृष्ठभागाचे तापमान दाखवणारा तापमापक आणून मी त्याच्या बसण्याच्या दगडावर धरला, तेव्हा आकडा २९ अंशांवर थांबला. मोठ्या ड्रॅगनला ऊन खाण्याच्या जागी ३८ ते ४२ अंश सेल्सिअस लागतात. बेळगावच्या जानेवारीत पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरत असताना, २९ अंशांवर बसलेला तो जीव खाल्लेले पचवू शकला नसता, आणि त्याच्या शरीराला ते माहीत होते. तो हट्टी नव्हता, तो गारठलेला होता.

म्हणून मी प्रत्येकाला सांगते की पेटीवर खर्च करताना हात आखडू नये. मोठ्या ड्रॅगनला किमान चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच जागा हवी, कारण एक टोक तापलेले आणि दुसरे २५ अंशांच्या आसपास राहिले तरच त्याला आपले तापमान स्वतः राखता येते. लहान पेटीत सगळीकडे एकच हवा होते. अतिनील किरणांची नळी लांबोळकी असावी आणि तिच्यापासून बसण्याच्या जागेपर्यंतचे अंतर कंपनीने सांगितलेल्याप्रमाणे ठेवावे. नळी दिसायला उजळ राहते, पण तिच्यातले किरण क्षीण होत जातात, म्हणून तिच्यावर लावल्याची तारीख लिहून ती सहा ते बारा महिन्यांत बदलावी लागते. तळाला पहिले काही आठवडे वाळू घालू नये, साधे वर्तमानपत्र घालावे; विष्ठा कशी आहे हे त्यावर स्पष्ट दिसते, आणि नव्या प्राण्याच्या प्रकृतीची तीच पहिली बातमी असते. रात्री सगळे दिवे बंद करावेत. लाल बल्बही लावू नये, कारण त्याला तो प्रकाश दिसतो. खोली १८ अंशांखाली जात असेल तर प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर, ठरवलेले तापमान आपोआप राखणाऱ्या थर्मोस्टॅटला जोडून वापरावा.

एवढे झाल्यावर सगळ्यांत कठीण काम उरते, ते म्हणजे त्याला हात न लावणे. भैरू आला त्या संध्याकाळी घरात पाहुणे होते आणि प्रत्येकाने त्याला उचलून पाहिले. रात्री त्याची दाढी कोळशासारखी काळी झाली होती आणि पोटावर गडद रेघा उमटल्या होत्या. दोन्ही ताणाची लक्षणे आहेत. लहानाचा मोठा एका घरात झालेला प्राणी जेव्हा जागा, वास, आवाज आणि माणसे एकदम गमावतो, तेव्हा त्याने आठवडा-दोन आठवडे न खाणे अपेक्षितच आहे. या काळात पेटीच्या तीन बाजू कापडाने झाकाव्यात, ताजी पाने समोर ठेवावीत, न खाल्ल्यास संध्याकाळी उचलावीत, आणि बाकी खोलीत आपले काम करत राहावे. हात द्यायची वेळ आली की तो नेहमी समोरून, खालच्या बाजूने न्यावा. त्याच्या डोक्यावर प्रकाश-सावली जाणणारा तिसरा डोळा असतो, आणि वरून आलेली सावली त्याला शिकारी पक्ष्याची वाटते.

अर्थात वाट पाहणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला एकदा वजन करून ते वहीत लिहावे. भैरू ४१० ग्रॅमचा आला, दुसऱ्या आठवड्यात ३९८ झाला आणि तिथे थांबला, म्हणून मी थांबू शकले. हिवाळ्यात मोठे ड्रॅगन काही आठवडे सुस्तावतात, हेही लक्षात ठेवावे. परंतु आजारी प्राणीही सुस्तावतो, आणि नव्याने आलेल्याच्या बाबतीत दोन्हींतला फरक आपल्याला ओळखता येत नाही. वजन सतत उतरत असेल, तोंड उघडे टाकून श्वास चालला असेल, तोंडाशी फेस असेल किंवा जबडा मऊ लागत असेल, तर एक दिवसही थांबू नये. आपल्याकडचे पशुवैद्य गाई-म्हशी आणि कुत्र्यांत निष्णात असतात, म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टर, मग तो दूरच्या शहरातला का असेना, प्राणी आणण्यापूर्वीच शोधून ठेवावा. पहिल्याच महिन्यात विष्ठेची तपासणी करून घ्यावी. पोटातले परजीवी वरून दिसत नाहीत. त्याला हाताळल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम घरातल्या मुलांनाही लावावा, कारण निरोगी ड्रॅगनच्या अंगावरही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो.

सतराव्या दिवशी भैरूने जास्वंदीचे फूल खाल्ले. मी ते कुंडीतून तोडून सहज दगडाशी ठेवले होते. तेव्हापासून त्याचा आहार बसवला, आणि त्यासाठी गणपत गल्लीच्या बाजाराबाहेर फारसे जावे लागले नाही: शेवग्याचा कोवळा पाला, कोथिंबीर, किसलेला लाल भोपळा, घेवडा, जास्वंदीची पाने आणि फुले. पालक, राजगिरा आणि चुका मात्र टाळावेत, कारण त्यांतले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. मोठ्या ड्रॅगनच्या ताटात पाल्याचा वाटा मोठा असावा आणि किडे आठवड्यातून दोन-तीनदाच द्यावेत, तेही कॅल्शियमच्या भुकटीत घोळून आणि त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून लहान. पूर्वीच्या घरी भैरूला रोज किडे मिळत होते, त्यामुळे पाल्याकडे वळायला त्याला दोन महिने लागले. शेतातले नाकतोडे पकडून घालण्याचा मोह उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना होतोच, पण त्यांच्या अंगावर कोणती फवारणी बसली आहे हे कोणालाच सांगता येत नाही. घरी पैदास केलेले किंवा खात्रीच्या ठिकाणचे किडेच वापरावेत.

पावसाळ्याचा प्रश्न आपल्या भागात वेगळा उभा राहतो. या प्राण्याला ३० ते ४० टक्के आर्द्रता सोसते, आणि जूननंतर आपल्या भिंतीसुद्धा ओल धरतात. त्या महिन्यांत मी पाण्याचे भांडे पेटीत कायम ठेवत नाही. कोमट पाण्यात बसवते किंवा नाकाशी थेंब सोडते, आणि हवा खेळती राहील असे पेटीच्या वरचे झाकण जाळीचे केले आहे. वीज तासन्‌तास गेली तर त्याला खायला देत नाही, कारण ऊब नसताना पोटातले अन्न सडते.

पावसाच्या तोंडावर, मे महिन्याच्या अखेरीस, आणखी एक काळजी घ्यावी लागते, आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या लोकांना ती मी आवर्जून सांगते. त्या दिवसांत झाडे काजव्यांनी लखलखतात. काही जातींच्या काजव्यांच्या शरीरात हृदयावर आघात करणारे विष असते, आणि एकच काजवा खाल्ल्याने मोठा ड्रॅगन मेल्याची नोंद आहे. पेटीत शिरलेला चमकता किडा तो विचार न करता गिळेल, म्हणून त्या आठवड्यांत संध्याकाळ होण्यापूर्वी खिडकीची जाळी आणि पेटीचे झाकण मी स्वतः हाताने तपासून पाहते.