चामड्याच्या कव्हरातली बुरशी

गुरुवार, रात्री साडेअकरा

मखराच्या पट्ट्या शोधायला माळ्यावर चढले आणि खाली उतरले बाबांचा याशिका कॅमेरा घेऊन. पट्ट्या अजून मिळालेल्या नाहीत.

इलेक्ट्रो ३५ जीएसएन. मोठे काका कुवेतहून घेऊन आले होते, मी तेव्हा बालवाडीत. पाऊण किलोचा ऐवज. आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या घरात तो कपाटातल्या दागिन्यांच्या डब्याशेजारी राहायचा आणि आम्हा भावंडांना त्याला हात लावायची बंदी होती. बाबा वापरून झाला की फ्लॅनेलने पुसायचे, चामड्याच्या तपकिरी कव्हरात घालायचे आणि बटण टच्च करून लावायचे. त्या आवाजाने कार्यक्रम संपल्याचं कळायचं.

आज ते बटण उघडलं आणि आधी वास आला. बंद राहिलेल्या छत्रीसारखा. लेन्स ट्यूबलाइटसमोर धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. मागचं झाकण उघडताना कडेचा स्पंज डांबर होऊन अंगठ्याला चिकटला, अजून निघालेला नाही. सेलच्या खोबणीत हिरवी पूड. तरी रोल पुढे सरकवायची लिव्हर ओढून बटण दाबलं तर खटक झालं. म्हटलं, चला, जिवंत आहे.

भावाला फोटो पाठवला. त्याचं पाच मिनिटांत उत्तर, "ताई, यात पैसे घालू नकोस. पेंटॅक्स के १००० घे, सगळा मेकॅनिकल, सेल नसला तरी चालतो." सोबत विकणाऱ्याची लिंक, अठरा हजार. लेकाने आणखी वरचं सुचवलं. पेंटॅक्सने २०२४ मध्ये फिल्मचा अगदी नवाकोरा कॅमेरा काढलाय म्हणे, पेंटॅक्स १७. एका फ्रेमच्या जागेत दोन फोटो, म्हणजे ३६ च्या रोलवर ७२. आला तेव्हा अमेरिकेतली किंमत ५०० डॉलर. हे ऐकून मी पट्ट्या शोधायला परत माळ्यावर गेले.

शुक्रवार

आईला कॅमेरा दाखवला. डोळ्यांत पाणी वगैरे येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "यात तुझ्या बाबांनी माझा एक धड फोटो काढला असेल तर शपथ."

अल्बम काढले. खरं आहे! तलावपाळीवरचा फोटो आहे, मागे गडकरी रंगायतनची पाटी चष्म्याशिवाय वाचता येते आणि पुढे आई धुक्यात. येऊरचा आहे, झाडाचं पान न् पान मोजून घ्या, आई धुक्यात. कॅमेरा हातात घेतल्यावर उलगडा झाला. लेन्समधून किती उजेड आत घ्यायचा ते ठरवणाऱ्या कड्यावर ८ या आकड्यापाशी आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. काकांनी कधीतरी सांगितलं असणार, "आठावर ठेव, बाकी तो बघून घेतो." तो बघूनही घ्यायचा, कारण यात शटरचा वेग कॅमेराच ठरवतो. उजेड कमी पडला तर पिवळा दिवा, जास्त झाला तर लाल. पण फोकस मात्र आपण करायचा असतो. खिडकीतून पाहताना मधल्या पिवळसर चौकोनात माणूस दोनदा दिसतो, फोकसचं वेगळं कडं फिरवत दोन्ही प्रतिमा एकावर एक आणायच्या. बाबांनी ते कडं अनंतावरून, म्हणजे सगळ्यात लांबच्या खुणेवरून, कधी हलवलंच नसावं.

म्हणजे आमच्या घरातली 'बाबांचे फोटो काय यायचे!' ही आख्यायिका प्रत्यक्षात रंगायतनच्या पाटीची होती. दुपारभर हसू येत होतं. भावाला मुद्दामच सांगितलं नाही.

शनिवार

८.४० ची फास्ट पकडून सीएसएमटी, तिथून बोरा बाजारची गल्ली. पहिल्या दुकानात कॅमेरा न उघडताच "शोपीस म्हणून ठेवा" म्हणाले. दुसरीकडे जिन्याखालच्या टेबलावर एक काका बसलेले, कपाळावर भिंग.

त्यांनी लेन्स नंतर बघितली. आधी कॅमेरा कानाला लावला, फोन लावतात तसा, आणि लिव्हर अगदी सावकाश ओढली. पुन्हा एकदा. मग माझ्या कानाला लावून म्हणाले, "काय ऐकू येतं?" मी म्हटलं, काहीच नाही. "तेच ना. शेवटी धप्प असा आवाज यायला पाहिजे. पॅड गेलंय."

आत डाळीच्या दाण्याएवढा रबराचा तुकडा असतो, तो वर्षांनुवर्षांनी भुगा होतो. तो गेला की शटरची यंत्रणा लिव्हर ओढल्यावर नीट जागेवर बसत नाही आणि कॅमेऱ्याचा उजेडाचा हिशोब चुकत जातो. या मॉडेलचं हे ठरलेलं दुखणं. मी म्हटलं, पण खटक तर होतंय. ते हसले. सेल नसताना हा कॅमेरा फक्त एकाच वेगाने चालतो, सेकंदाचा पाचशेवा भाग. "खटक ऐकून लोक फसतात, ताई. रोल घालतात आणि धुतल्यावर रडतात."

सेलचंही तसंच. यात पाऱ्याचा ५.६ व्होल्टचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. ६ व्होल्टचा बारीक सेल, पुठ्ठ्याची नळी आणि एक स्प्रिंग एवढ्यावर भागतं म्हणाले. डांबर झालेल्या स्पंजच्या जागी काळी लोकर बसवतात. मी स्वेटरवाली लोकर का विचारलं, तर ड्रॉवरमधून गुंडाच काढून दाखवला. पार्ट कंपनीकडून मिळायचा प्रश्नच नाही, याशिका ज्यांनी विकत घेतली त्या क्योसेराने २००५ मध्येच कॅमेऱ्यांचा धंदा गुंडाळला. पण यांच्याकडे एक मेलेला जीएसएन आहे, सुट्या भागांसाठी.

बुरशी? "पुसून निघेल. काचेवरचा थर तिने खाल्ला असेल तर डाग राहील. आतलं सर्किट गेलं तर माझी गॅरंटी नाही." तीन हजार आठशे, गणपतीनंतर.

भावाचा के १००० दाखवला. त्यांनी नाव ठेवलं नाही, चांगला कॅमेरा म्हणाले. फक्त विचारलं, "स्पंजचे सील बदललेत का? वेग तपासलेत? ठेवला कुठे होता?" लिंकवर लिहिलं होतं 'वर्किंग कंडिशन', बस. तो कॅमेरा १९७६ ते १९९७ एवढी वर्षं बनत होता, म्हणजे सगळ्यात तरुण तोही पंचविशी ओलांडलेला. त्याचाही स्पंज डांबर होणार, शटरचा पडदा थकणार. मी नवा घेत नव्हतेच, एक म्हातारा देऊन दुसरा म्हातारा घेत होते. आणि दुसऱ्याच्या घरची बुरशी मला ठाऊक नव्हती. माझ्या घरची ठाऊक होती, पत्त्यासकट.

तो पत्ता काकांनीच सांगितला. पावती फाडताना कव्हर माझ्याकडे सरकवलं. "हे घरी न्या. चामडं ओल धरून ठेवतं, वर तुमचा ठाण्याचा पाऊस. यातच पोसली गेली बुरशी. यापुढे डब्यात, सिलिका जेल टाकून." बाबांचं फ्लॅनेल, ते टच्च बटण, दागिन्यांशेजारची जागा. उघड्यावर धूळ खात पडला असता तर कदाचित बरा राहिला असता. हे काकांना सांगितलं नाही. अ‍ॅडव्हान्स हजार दिला.

तीन हजार आठशे आणि वर रोल, धुणं, स्कॅनिंग धरून दरवेळी दीड हजार. घरात हा आकडा अजून कोणाला सांगितलेला नाही.

परतीच्या गाडीत मांडीवर रिकामं कव्हर. शेजारच्या बाई दोनदा बघून गेल्या.

आईला विचारलं, टाकून देऊ का. तिने हातात घेतलं, वास घेतला, गॅलरीत दोरीवर लटकवलं. संध्याकाळी बघते तर आत तिच्या बीपीच्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स आणि चष्म्याचं फडकं. "बटण अजून चांगलं लागतंय," म्हणाली, आणि लावून दाखवलं.